विद्येचे अंतर आणि वाहनतळ : यवतमाळ जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातील एक प्रकरण

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी आपली वाहने कोठे उभी करावीत, हा प्रश्न सामान्यतः महानगरांचा समजला जातो. तेथे तो जागेच्या टंचाईतून उद्भवला. यवतमाळ जिल्ह्यात त्याचे मूळ निराळे आहे. विद्यास्थान किती दूर, यावरच येथे विद्यार्थ्याचे वाहन कोठे थांबणार हे ठरत आले. म्हणून वाहनतळाचा इतिहास हा या जिल्ह्यापुरता उच्च शिक्षणाच्या अंतराचाच इतिहास होय.

१९०५ पर्यंत वणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला महाविद्यालयासाठी नागपूर गाठणे भाग होते. तेथे हिस्लॉप (१८८३) व मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये होती. ती प्रथम कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. अंतर कमी झाले, परंतु प्रवास सुखाचा झाला नाही. मोठ्या रेल्वेसाठी यवतमाळहून सुमारे २९ मैलांवरचे धामणगाव गाठावे लागे. दुसरा मार्ग किलिक-निक्सन कंपनीच्या अरुंदमापी गाडीचा. हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिने सुमारे ११३ किलोमीटर पश्चिमेकडे मूर्तिजापुरास जावे आणि तेथून गाडी बदलून पुन्हा पूर्वेस बडनेऱ्याकडे यावे, असा हा वळसा होता. विद्यार्थ्याला पोहोचविणारी बैलगाडी स्टेशनावरूनच माघारी फिरे. वाहन उभे करण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो विद्यार्थ्याने स्वतः कोठे राहावे हा. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी उभारलेल्या श्रद्धानंद छात्रालयासारख्या संस्थांचे महत्त्व या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला छात्रालयात जागा मिळाली नाही आणि ज्याचे शहरात नातलग नव्हते, त्याचे शिक्षण बहुधा मॅट्रिकपाशीच संपे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९५० नंतरच्या दोन दशकांत यवतमाळ, पुसद, वणी या ठिकाणी महाविद्यालये निघाली. याच सुमारास देशी सायकलींचे उत्पादनही वाढले. सोनपतच्या अ‍ॅटलासने १९५१ साली, आसनसोलच्या सेन-रॅलेने १९५२ साली, तर लुधियानाच्या हीरोने १९५६ साली कारखाने चालू केले. विद्या जवळ आली आणि चाकेही हाती आली. महाविद्यालयाच्या आवारात सायकल-स्टँड ही नवी वास्तू दिसू लागली : वर पत्र्याचे छप्पर आणि खाली सायकलींची रांग. घरी राहून, शेतीच्या कामाला हातभार लावून पदवी घेणारा विद्यार्थी हा या रांगेतून निर्माण झालेला नवा वर्ग होय. टेकड्यांच्या चढणीमुळे सायकलीच्या पल्ल्याला मर्यादा होती. तरी जवळपासच्या खेड्यांचा प्रश्न तिने सोडविला.

पुढचा टप्पा पेट्रोलच्या वाहनांचा. कायनेटिक कंपनीची ५० सी.सी.ची ‘लूना’ १९७२ साली बाजारात आली आणि सायकलीच्या रांगेत हळूहळू मोपेड शिरली. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळे होऊन यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्याचे विस्तीर्ण आवार शहराबाहेर मार्डी रस्त्यावर, तपोवन परिसरात आहे. तथापि यवतमाळहून ते सुमारे ९० किलोमीटरवर, आणि उमरखेडच्या विद्यार्थ्याला तर त्याच्या दुपटीच्या घरात पडते. म्हणून येथील विद्यार्थ्याला वाहनतळाची अडचण विद्यापीठात क्वचितच, आणि आपल्या संलग्न महाविद्यालयात रोज भासते.

या अडचणीला कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी केवळ ५० सी.सी.पर्यंतची दुचाकी चालविता येते. त्याहून मोठीसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परंतु आजच्या बहुतेक स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालये पुष्कळदा एकाच आवारात असतात. अकरावीच्या विद्यार्थ्याची गाडी आत घ्यावी, तर नियमभंगाला आश्रय मिळतो. नाकारावी, तर ती शेजारच्या गल्लीत उभी राहते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रसंगी पालकाला वा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. कायदा कठोर झाला. परंतु गावाहून महाविद्यालयापर्यंतचे अंतर त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. वाहनतळावरील गाड्या मोजता येतात. ज्यांच्याकडे गाडी नाही ते या मोजणीत येत नाहीत. त्यांचा वाहनतळ म्हणजे एस.टी.चा थांबा. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास, मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा बारावीपर्यंतचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या, या व्यवस्थांवर त्यांचे शिक्षण उभे आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने हा आधार किती नाजूक आहे, ते दाखवून दिले. घरात एकच दुचाकी असेल तर ती मुलाला मिळते की मुलीला, हा प्रश्नही तेव्हा घरोघरी उभा राहिला असल्यास नवल नाही. ‘शकुंतला’ बंद पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा नव्या रेल्वेमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, ही त्यातल्या त्यात आशेची बाब.

तात्पर्य, महाविद्यालयापुढील दुचाकींची गर्दी ही केवळ बेशिस्त नव्हे. ज्या जिल्ह्यातील विद्यार्थी एके काळी धामणगावच्या फलाटावर घराचा निरोप घेत असे, तो आता संध्याकाळी घरी परततो, याची ती खूण आहे. परंतु वाहनतळ वाढविताना शेवटच्या एस.टी.ची वेळही पाहिली पाहिजे. कारण गाडी नसलेल्या विद्यार्थिनीचा शेवटचा तास त्या वेळेवरच अवलंबून असतो.