‘स्कॅनर्स’ : एका औषधाची छाया

भयप्रधान बोलपटांस आमचा सुशिक्षित वर्ग सहसा विचारार्ह मानीत नाहीं, आणि बहुधा त्याचें म्हणणें खरेंही असतें. परंतु क्वचित् एखाद्या बोलपटांत समाजाच्या मनांतील एखादें शल्य असें रुतलेलें आढळतें कीं, त्याची उपेक्षा करणें इतिहासाच्या वाचकास परवडत नाहीं. कॅनडांतील डेव्हिड क्रोननबर्ग यांनीं लिहून दिग्दर्शित केलेला, १९८१ सालीं प्रदर्शित झालेला ‘स्कॅनर्स’ हा आम्ही अशांपैकींच एक समजतों.

या बोलपटाचें नांव निघालें कीं लोकांस एकच प्रसंग आठवतो. शस्त्रांचा व संरक्षणाचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या सभागृहांत, दुसऱ्याच्या मनांत शिरण्याचें प्रात्यक्षिक चाललें आहे. प्रयोगासाठीं पुढें आलेला डॅरिल रेव्हॉक हाच अधिक बलवान् निघतो, आणि त्याच्या नुसत्या मनोबलानें प्रयोग करणाराचें मस्तक फुटतें. कृत्रिम मस्तकावर मागून बंदूक झाडून हें दृश्य साधलें होतें. त्याची कीर्ति एवढी झाली कीं, मूळ प्रश्न मागें पडला. हें सामर्थ्य या माणसांस मिळालें कोठून?

आपल्याकडील योगसूत्रांत परचित्तज्ञानाचा उल्लेख आहे. परंतु तें संयमाचें फळ होय. येथील माणसांनीं कसलीही साधना केलेली नाहीं. तीं गर्भांत असतांना त्यांच्या मातांस इफेमेरॉल नांवाचें शामक औषध देण्यांत आलें होतें, त्याचा हा परिणाम. म्हणून ही शक्ति त्यांस वर नसून व्याधि आहे. नायक कॅमेरॉन व्हेल परक्यांच्या विचारांच्या कोलाहलानें बेजार होऊन बेवारशासारखा भटकतो. एक शिल्पकार केवळ आपल्या कलेच्या आधारानें भानावर राहतो.

इफेमेरॉल कल्पित आहे. त्यामागील छाया कल्पित नाहीं. थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत विक्रीस आलें. तें निर्धोक म्हणून गाजविलें गेलें आणि गरोदरपणांतील ओकाऱ्यांवरही देण्यांत येऊं लागलें. पुढें हातपाय अपुरे असलेलीं मुलें जन्मूं लागलीं. जगभर त्यांची संख्या १०,००० वर गेली असें मानतात. १९६१ च्या अखेरीस जर्मनींत तें परत घेण्यांत आलें, तरी कॅनडांत १९६२ च्या मार्चपर्यंत त्याची विक्री चालूच होती. उलट अमेरिकेंत, कॅनडांतच जन्मलेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनीं पुराव्याचा आग्रह धरून परवानगी रोखली. ‘स्कॅनर्स’ निघाला तेव्हां तीं मुलें विशीच्या घरांत आलीं होतीं.

बोलपटांतील डॉ. पॉल रूथ हे त्या औषधाचे जनक. त्यांनीं तें आपल्या गर्भवती पत्नीसही दिलें होतें. रेव्हॉक आणि व्हेल हे त्यांचेच पुत्र. ज्यावर अन्याय झाला तो रेव्हॉक पुढें काय करतो? तेंच औषध वैद्यांकरवीं नव्या गर्भवतींस देववून तो आपली सेना वाढवूं पाहतो. दवाखान्यांत बसलेल्या किम ऑब्रिस्टच्या मनांत शेजारच्या स्त्रीच्या पोटांतील अर्भक शिरतें, तो क्षण आम्हांस मस्तक फुटण्याहून अधिक भयंकर वाटतो.

दोषही आहेत. त्या काळीं कॅनडांत बोलपटांतील गुंतवणुकीस करांत मोठी सवलत असे. तिच्या मुदतीसाठीं संहिता पुरी होण्यापूर्वींच चित्रण सुरू झालें, आणि कथेंतील शिथिलता लपत नाहीं. नायकाचा अभिनयही फिका आहे. तरीही शेवटीं भावांच्या द्वंद्वांत एकाचें शरीर जळतें आणि दुसऱ्याच्या शरीरांतून त्याचा आवाज येतो, तेव्हां जिंकलें कोण हें ठरवितां येत नाहीं. पित्याचें पाप पुत्रांत कोठपर्यंत उरतें, हा प्रश्न मात्र आपल्याबरोबर घरीं येतो.