ठाकूरवाडीतील प्राथमिक शाळा आणि सामाजिक-भावनिक शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत 'सामाजिक-भावनिक कौशल्ये' हा शब्दप्रयोग आज सर्रास आढळतो. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने समानुभूती, परस्परसंबंध, भावनांचे व ताणतणावांचे समायोजन यांसह दहा जीवनकौशल्ये मांडली. त्याच दशकात, १९९४ पासून, अमेरिकेत 'सामाजिक-भावनिक अध्ययन' ही संज्ञा रूढ झाली. संज्ञा नवी असली तरी तिचा आशय महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. मात्र येथील पूर्वसूरींनी या कौशल्यांचा स्वतंत्र विषय केला नाही. शाळेची जागा, वेळ, भाषा आणि शिक्षकाचे वर्तन यांतून ती रुजविण्याचा प्रयत्न त्यांनी केला. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकूरवाड्यांच्या संदर्भात या परंपरेचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ठाकूरवाडीतील बालकाचे भावविश्व

सह्याद्रीच्या पायथ्याशी व डोंगरउतारांवर वसलेल्या ठाकर समाजाच्या वस्त्यांना 'ठाकूरवाडी' किंवा 'ठाकरवाडी' म्हणतात. या नावाच्या अनेक वाड्या दोन्ही तालुक्यांत आहेत. ल. ना. चापेकर यांचा या समाजाविषयीचा विस्तृत इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. नाचणी, वरी व भाताची शेती, रानभाज्या व सरपण यांची विक्री आणि मोलमजुरी यांवर येथील कुटुंबांचा चरितार्थ चालत आला आहे.

अशा वाडीतील सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा ते सामाजिकदृष्ट्या कोरे नसते. धाकट्या भावंडाला सांभाळणे, गुरे राखणे, रानात एकमेकांच्या सोबतीने वावरणे आणि मिळालेले वाटून खाणे यांची त्याला सवय झालेली असते. कांबडनाचात पावले जुळवताना ते समूहाच्या लयीशी स्वतःला जोडून घेते. शाळेची प्रमाण भाषा मात्र त्याच्या बोलीहून वेगळी असते. घरी बोलके असणारे मूल वर्गात मुके होते आणि या मौनाची नोंद पुष्कळदा 'बुजरेपणा' अशी केली जाते. वास्तविक ज्या कौशल्यांचा अभाव त्याच्या ठायी मानला जातो, त्यांपैकी काही त्याच्याजवळ असतात. शाळेला ती ओळखता येत नाहीत.

पूर्वसूरींचे प्रयत्न

कर्जत तालुक्याला या संदर्भात स्वतःचा वारसा आहे. माथेरान येथे जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२-१९४३) हे सिद्धगडच्या रणसंग्रामातील हुतात्मा म्हणून सर्वपरिचित आहेत. तत्पूर्वी त्यांनी या परिसरातील शेतकरी व आदिवासी यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि सावकारी पाशातून कुटुंबांना सोडविण्यासाठी धान्यकोठीचा उपक्रमही चालविला. मुलाच्या शिक्षणाचा विचार त्याच्या घरातील उपासमारीपासून अलग करता येत नाही, हे या दोन कार्यांच्या जोडणीतून दिसते.

निवासी शिक्षणाच्या दृष्टीने अमळनेरचे उदाहरण उद्‌बोधक आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. आजारी मुलांची शुश्रूषा, त्यांच्या कपड्यांची व खोल्यांची स्वच्छता ही कामे ते स्वतः करीत. मुलांशी संवाद राहावा म्हणून त्यांनी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित चालविले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला आपली दखल घेणारे माणूस जवळ असावे लागते, ही जाणीव या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

तिसरे उदाहरण ताराबाई मोडक (१८९२-१९७३) व अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांचे. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांच्याच अंगणात 'अंगणवाडी' भरविण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले व 'कुरणशाळा' निर्माण झाली. धाकट्या भावंडांमुळे मोठ्यांची शाळा बुडते, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. मुलाच्या अंगी असलेली जबाबदारीची भावना येथे शिक्षणातील अडथळा न मानता शिक्षणाचा पाया मानली गेली. ठाकूरवाडीतील मुलांचे जीवन वारली मुलांच्या जीवनाशी बरेचसे मिळतेजुळते असल्याने हा प्रयोग येथेही मार्गदर्शक ठरतो.

मूल्यशिक्षण ते मूल्यवर्धन

विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाला निश्चित स्थान मिळाले. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता आदी दहा मूल्ये ठरविण्यात आली व दैनिक परिपाठातून ती बिंबविण्याची अपेक्षा ठेवली गेली. शाळाशाळांच्या भिंतींवर त्यांचे तक्ते लागले. तथापि परिपाठाचा भर बहुधा ऐकण्यावर व सामूहिक म्हणण्यावर राहिला.

या मर्यादेवर उपाय म्हणून २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' कार्यक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या सहभागाने त्याचा विस्तार झाला. जोडीने व गटाने काम करणे, वर्तुळात बसून चर्चा करणे, खेळ व कृती यांवर त्यात भर आहे. उपदेशाकडून अनुभवाकडे झालेला हा प्रवास स्वागतार्ह आहे. त्याच वर्षीच्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. भयमुक्त वर्ग ही सामाजिक-भावनिक शिक्षणाची पहिली अट होय. या तरतुदीने तिला कायद्याचा आधार मिळाला.

वाडीतील शाळा व आश्रमशाळा

ठाकूरवाडीपुरता खरा प्रश्न याही पुढचा आहे. या भागातील पुष्कळ आदिवासी मुले आश्रमशाळांत शिकतात. डोंगरावर विखुरलेल्या वाड्यांसाठी निवासी शाळा आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाचा घराशी असलेला दैनंदिन संबंध त्यामुळे तुटतो. दुसऱ्या बाजूस, डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांच्या समायोजनाचा निर्णय राज्यात जाहीर झाला होता आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळांचा विचार पुढे आला. लहान वाडीतील शाळेचा पट लहानच असणार. ती शाळा बंद झाल्यास लहान वयातच रोजचे लांब अंतर किंवा वसतिगृह, एवढेच पर्याय उरतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ व्यक्ती बेपत्ता असताना २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत असल्याने वाचली, पण त्यांच्यापैकी कित्येकांचे घर व आप्त उरले नाहीत. अशा मुलासमोर 'भावनांचे समायोजन' हा पाठ्यघटक अपुरा पडतो. त्याची बोली समजणारी, रात्री जागे झाल्यावर जवळ घेणारी व्यक्ती शाळेत आहे काय, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरतो. अमळनेरच्या छात्रालयाने त्याचे उत्तर व्यक्तीच्या आचरणातून दिले होते. व्यवस्थेने ते द्यावयाचे झाल्यास अधीक्षक व अधीक्षिका यांची निवड, प्रशिक्षण आणि मुलांच्या तुलनेत त्यांची संख्या यांकडे लक्ष द्यावे लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सामाजिक-भावनिक शिक्षणाची समृद्ध परंपरा महाराष्ट्रात असून तिचा भर शाळेच्या रचनेवर व शिक्षकाच्या आचरणावर होता. दुसरी, १९९० च्या दशकानंतर हा भर क्रमाने अभ्यासक्रम, कृतिपुस्तिका व प्रशिक्षण यांकडे सरकला. त्यातून व्याप्ती वाढली, परंतु शाळेची जागा, वेळ व भाषा हे प्रश्न मागे पडले. तिसरी, ठाकूरवाडीसारख्या वस्तीत या प्रश्नांना बगल देऊन कोणताही कार्यक्रम फलद्रूप होणे कठीण आहे. इयत्ता पहिली-दुसरीपर्यंत तरी शाळा वाडीत असणे, आरंभीच्या वर्षांत बोलीला वर्गात स्थान मिळणे आणि निवासी शाळेत मुलांची आस्थेने काळजी घेणारी पुरेशी माणसे असणे, या किमान अपेक्षा होत. त्यांची पूर्तता झाली, तरच मूल्यवर्धनासारख्या उपक्रमांना या डोंगराळ भागात आधारभूमी लाभेल.