ग्रंथांचें पेव

निजामी राजवटींत नांदेडच्या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठीं औरंगाबाद किंवा हैदराबाद गांठावें लागे. 1950 सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. लातुरास 1961 सालीं दयानंद व 1970 सालीं राजर्षि शाहू महाविद्यालय सुरू झालें. प्रत्येकानें आपला ग्रंथसंग्रह उभारला. आणि 1958 च्या मराठवाडा विद्यापीठाचा अभ्यासक्रम सर्वांस एकच असल्यामुळें तींच पुस्तकें दोन्ही शहरांतील फळ्यांवर बसलीं. 1994 सालीं नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ झालें, तरी फळ्या ज्याच्या त्याच राहिल्या.

पुस्तक विकत घेतलें कीं खर्च संपला, ही समजूत खोटी आहे. जागा, कपाट, झाडलोट, वाळवीचा बंदोबस्त व नोकर यांचा खर्च दर वर्षीं असतोच. कूरंट व नील्सन या अमेरिकन अभ्यासकांनीं 2010 सालीं हिशेब मांडला : खुल्या दालनांत एका ग्रंथास वर्षाला 4.26 डॉलर, दाटीनें रचलेल्या कोठारांत अवघे 0.86. रुपयांत आंकडे निराळे पडतील. प्रमाण मात्र विचार करण्याजोगें आहे.

आपल्या शेतकऱ्यास हें ठाऊकच होतें. रोजचें धान्य कणगींत, पुढच्या सालाचें पेवांत. ग्रंथांचें असें सामाईक पेव 1942 सालीं बोस्टन येथें निघालें; 1949 सालीं शिकागोस दहा विद्यापीठांनीं दुसरें काढलें. हार्वर्डच्या 1986 च्या कोठारांत तर पुस्तकें विषयवार नव्हे, आकारानुसार लावतात! तेथें फळीपुढें उभें राहून चाळणें नाहीं. मागणी नोंदवावयाची व वाट पाहावयाची. हें नुकसान थोडें नव्हे.

शिवाय काटकसर होते ती घरची जादा प्रत सोडली तरच. तपासणीस येणाऱ्यांस ग्रंथसंख्या दाखवावयाची असते. नोंदवहींतील आंकडा उतरूं देण्यास कोण धजेल? कोठारांतही ठेवलें आणि घरींही ठेवलें, तर नवें भाडें तेवढें डोईवर. उलट प्रत्येकानें दुसऱ्याच्या भरंवशावर प्रत काढून टाकली, तर निजामकालीन एखादें उर्दू वा मराठी पुस्तक या भागांतून कायमचें नाहींसें व्हावयाचें. म्हणून कोणाजवळ काय आहे, याची यादी आधीं, कोठार मागाहून.

प्रती किती राखाव्या? लातूर जिल्ह्यानें 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिला आहे, नांदेडास गोदावरीच्या पुराचें भय आहे. तेव्हां एक प्रत नांदेडास व एक लातुरास, हेंच शहाणपणाचें. बोस्टनला सभासद ग्रंथालय अडविलेल्या जागेप्रमाणें भाडें देई. लहान महाविद्यालयास तो हिशेब झेपेल. पण पुस्तक आणण्या-नेण्याचा खर्च मागणाऱ्यावर टाकल्यास गरीब विद्यार्थी मागणीच करणार नाहीं. तेवढा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा लागेल.