इगतपुरीतलं रविवारचं जेवण आणि मामांच्या द्राक्षांचा हिशेब

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे इगतपुरीकडच्या एका वायनरीच्या हॉटेलात जेवायला गेलो. भाचीची नोकरी पक्की झाली होती, तिने पार्टी द्यायची म्हणून ठरवलं. गाडीत मी, बायको, दोन्ही पोरं, भाची आणि मागच्या सीटवर मामा-मामी. मामांना कुठं चाललोय ते घाटाकडच्या रस्त्याला लागल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

मामांचं गाव दिंडोरी तालुक्यात. २००६ साली त्यांनी दोन एकरांवर वाईनची द्राक्षं लावली होती आणि २०१० साली त्याच बागेला स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली. त्यानंतर वाईन हा शब्द आमच्या घरात कुणी फारसा काढत नाही.

इगतपुरी म्हणजे मूळची भाताची आणि पावसाची. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इथं पोचली, चढावर गाडीला मागून इंजिनं जोडायची पद्धत पडली आणि डोंगरातल्या या गावाला रेल्वे कॉलनीचं रूप आलं. पुढे १९७६ पासून विपश्यनेसाठी जगभरचे लोक यायला लागले. एका बाजूला दहा दिवसांचं मौन आणि दुसऱ्या बाजूला डोंगराच्या उतारावर वाईन, असा आजचा तालुका आहे. पण द्राक्षाचं मूळ इथलं नाही. ते समजायला जरा खाली, ओझर-पिंपळगावकडे जावं लागतं.

नाशिक जिल्ह्यात व्यापारी द्राक्षबागेची सुरुवात म्हणून ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांचं नाव घेतात, साल १९२५. ती खायची द्राक्षं. पुढे थॉमसन सीडलेस आली, १९९१ मध्ये महाग्रेप्स झाली आणि माल युरोपला जायला लागला. वाईनचा प्रयोग १९८० च्या दशकात नारायणगावला आणि आपल्या पिंपळगाव बसवंतला झाला, पण तो मोजक्या लोकांपुरताच राहिला. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत अमेरिकेतून परत येऊन गंगापूर धरणाजवळ वाईनची द्राक्षं लावू लागले. २००० मध्ये त्यांची पहिली वाईन बाजारात आली.

खरी उडी पडली २००१ मध्ये. विलासराव देशमुखांच्या सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची सूट, परवाने सोपे, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क. बघता बघता डझनावारी वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला माल हवा होता. कंपन्यांची माणसं गावोगाव करार घेऊन फिरत होती. भाव आधी ठरलेला, माल उचलायची हमी, व्यापाऱ्याच्या मागे पळायचं नाही. अवकाळीने आणि व्यापाऱ्यांनी पोळलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मामांनी सोसायटीचं कर्ज काढलं, अँगल रोवले, तारा ओढल्या. माळकरी माणूस, त्यामुळे घरात कुरकुर झाली. मामांचं उत्तर एकच, "आपण द्राक्ष विकतोय, दारू नाही."

इथं एक गोष्ट समजून घ्या. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. शिराज, कॅबरने, शेनिन ब्लाँ ही नावं बाटलीवर शोभतात, पण हा माल पेटीत भरून मार्केटला नेला तर कुणी हात लावत नाही. बियांमुळे बेदाणाही धड होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने पाठ फिरवली की शेतकऱ्याकडे दुसरा दरवाजाच नाही.

२००८ ला तेच झालं. जागतिक मंदी आली, त्यात २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामात करार कागदावर आणि घड वेलीवर. मामांच्या कंपनीने आधी भाव पाडला, मग फोन उचलणं बंद केलं. एका हंगामाचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. मामा तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले. सगळीकडे एकच उत्तर, करार तुमच्या दोघांतला आहे. मी तेव्हाही पत्रकारच होतो. वायनऱ्या अडचणीत असल्याची बातमी लिहिली, पण मामांची लिहिली नाही. घरचंच प्रकरण कसं लिहायचं म्हणून. ती चूक आज दुरुस्त करतोय.

सरकारने काही केलं नाही असं नाही. पुढे वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनऱ्यांना परत द्यायची योजना आली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला, आठवत असेल. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं होईल, दुसरी म्हणाली महाराष्ट्र मद्यराष्ट्र होईल. निर्णय अमलात आलाच नाही. पण त्या सगळ्या भांडणात, वायनरीने माल उचलला नाही तर शेतकऱ्याने कुणाकडे जायचं, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

तर जेवण. पोरांनी पिझ्झा मागवला, मामींनी साधा भात आणि डाळ. मेन्यूकार्डावर एका बाटलीचा भाव दीड हजाराच्या घरात. मामांनी भाचीला विचारलं, "एका बाटलीला माल किती लागतो गं?" ती मोबाईलवर शोधायच्या आत स्वतःच म्हणाले, "किलोभर. फार तर सव्वा." मग गप्प बसले.

जेवून झाल्यावर बागेकडे गेलो. तोडणी चालू होती. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर होते. मामांनी एक पान उलटं करून बघितलं, "डाऊनी येऊन गेलीय," म्हणाले. मग मजुरांशी बोलत बसले. रोज काय मिळतो, गाडी कोण लावतं, पैसे आठवड्याला मिळतात का. एका बाईने त्यांच्या हातावर चार मणी ठेवले. मामांनी खाल्ले, बिया हातावर काढल्या.

"शिराज आहे. गोडी चांगली उतरलीय," ते म्हणाले. "आपलीपण अशीच उतरायची."

मी विचारलं, "मामा, राग येत नाही का?"

"वेलीचा कशाला राग? तिने तिचं काम केलं होतं."

आज वायनऱ्या पुन्हा करार करताहेत, नव्या पोरांना बोलावताहेत. पर्यटनाने चार पैसे येताहेत, लोकांना कामं मिळताहेत, ते चांगलंच आहे. मी वाईनच्या विरोधात नाही. मागणं एवढंच, करवसुलीत सूट घेणाऱ्या प्रत्येक वायनरीचा शेतकऱ्याशी असलेला करार सरकारदरबारी नोंदला जावा, आणि मागची थकबाकी चुकती केल्याशिवाय पुढची सवलत मिळू नये. उसाला एफआरपी आहे, निदान भांडायला एक आकडा तरी आहे. वाईनच्या द्राक्षाला तेवढाही नाही.

तुमच्या गावात त्या काळात कुणी बाग लावली होती का? कुणाचे पैसे बुडाले, कुणाचे मिळाले? कॉमेंटमध्ये लिहा. या वेळी बातमी करतो.