हॉकीपटूंचा मोबदला : पुण्यातील बहिष्कार आणि टाळेबंदीचा इतिहास

जानेवारी २०१० मध्ये भारताच्या पुरुष हॉकी संघातील खेळाडूंनी पुण्यातील सराव शिबिरावर बहिष्कार टाकला. दिल्लीतील विश्वकरंडक स्पर्धा जेमतेम सात आठवड्यांवर आली होती. आधीच्या स्पर्धांचे थकलेले मानधन आणि प्रोत्साहनपर रक्कम मिळाल्याखेरीज सरावाला उतरणार नाही, अशी भूमिका कर्णधार राजपाल सिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतली. ‘हॉकी इंडिया’ने तिजोरीत पैसा नसल्याचे सांगून प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले. सरावास परतावे, अन्यथा दुसरा संघ निवडला जाईल, असा इशाराही देण्यात आला. अखेर पुरस्कर्त्या सहारा समूहाने एक कोटी रुपये देण्याची तयारी दर्शविली आणि १३ जानेवारीला कोंडी फुटली. त्याच सुमारास महिला संघानेही आपल्या मानधनाचा प्रश्न पुढे केला.

भारतीय खेळांच्या इतिहासात राष्ट्रीय संघाने एकजुटीने सराव थांबविल्याची उदाहरणे थोडी आहेत. हा प्रसंग नीट समजून घ्यायचा, तर व्यावसायिक हॉकीतील मालक-खेळाडू संघर्षाचा इतिहासही पाहावा लागतो.

वादाची पूर्वपीठिका

मार्च २००८ मध्ये भारतीय संघ बीजिंग ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी ऑलिंपिकबाहेर राहिली. त्यापाठोपाठ एप्रिल २००८ मध्ये भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला आणि २००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही नवी संस्था अस्तित्वात आली. जुन्या आणि नव्या संस्थांचा अधिकारासाठीचा झगडा सुरू असताना खेळाडूंचे पैसे नेमके कोणी द्यायचे, हा प्रश्न अधांतरी राहिला.

तक्रार मात्र जुनीच होती. खडकीत जन्मलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले. ते १९६६ नंतरचे पहिलेच. परंतु त्यानंतर लगेच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. त्यांना विश्रांती दिल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. भत्ते आणि सोयींविषयी जाहीरपणे बोलल्याची ही शिक्षा आहे, असे हॉकीजगतात सर्रास मानले गेले. २०१० मध्ये शिबिरातील खेळाडू एकत्र राहिले, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. एकट्याला वगळणे सोपे असते. विश्वकरंडकाच्या तोंडावर सगळा संघ वगळणे अवघड होते.

खेळाडू कोणाचा नोकर?

भारतीय हॉकीपटूचा चरितार्थ वर्षानुवर्षे रेल्वे, एअर इंडिया, तेल कंपन्या, पोलिस दले अशा आस्थापनांतील नोकरीवर चालत आला. पगार देणारी आस्थापना एक आणि देशासाठी खेळविणारी संघटना दुसरी, अशी ही व्यवस्था. त्यामुळे राष्ट्रीय संघटनेकडून मिळणारी रक्कम ‘वेतन’ न ठरता ‘प्रोत्साहन’ किंवा ‘बक्षीस’ ठरत असे. वेतन हा हक्क असतो. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पुण्यातील वादाचे मूळ या फरकात होते. खेळाडूंच्या हाती सामूहिक करार नव्हता, त्यांची बाजू मांडणारी मान्यताप्राप्त संघटनाही नव्हती. उरले होते ते न खेळण्याचे साधन.

संप आणि टाळेबंदी

काम करणाऱ्याने काम थांबविले, तर तो संप. मालकाने काम बंद ठेवून कामगाराला आत येऊ दिले नाही, तर ती टाळेबंदी. गिरणगावाच्या इतिहासामुळे हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला परिचित आहेत. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीने या दोन्हींचा अनुभव घेतला आहे. तिचे मैदान बर्फाचे आणि नियम वेगळे असले, तरी मोबदल्याचा प्रश्न तोच आहे.

तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’ची स्थापना १९१७ मध्ये झाली. १९२५ मध्ये हॅमिल्टन टायगर्स या संघाच्या खेळाडूंनी अंतिम टप्प्याचे सामने खेळण्यास नकार दिला. हंगामातील सामने २४ वरून ३० केले, मग वाढीव कामाचे प्रत्येकी २०० डॉलर द्या, ही त्यांची मागणी होती. लीगने त्यांना निलंबित करून तेवढाच दंड ठोठावला आणि पुढे ते खेळाडू न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले. १९५७ मध्ये टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. त्याची रवानगी दुसऱ्या संघात झाली आणि संघटना मोडून पडली. ती पुन्हा उभी राहिली १९६७ मध्ये.

संघटना स्थिरावल्यावर संघर्षाचे स्वरूप पालटले. एप्रिल १९९२ मध्ये खेळाडूंनी १० दिवसांचा संप केला. पुढचे पाऊल मालकांचे होते. १९९४-९५ मधील टाळेबंदीमुळे हंगाम प्रत्येक संघामागे ८४ ऐवजी ४८ सामन्यांवर आला. १६ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या टाळेबंदीत तर १६ फेब्रुवारी २००५ रोजी संपूर्ण हंगामच रद्द करण्यात आला. १९१९ नंतर प्रथमच ‘स्टॅन्ले कप’ कोणालाही मिळाला नाही. शेकडो खेळाडू युरोपातील संघांकडे गेले. अखेर जुलै २००५ मध्ये खेळाडूंनी संघाच्या एकूण वेतनखर्चावरील मर्यादा मान्य केली. पहिल्या हंगामासाठी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. चालू करारांतील वेतनातही २४ टक्के कपात झाली. २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली आणि हंगाम परत ४८ सामन्यांचा उरला.

वाट्याचे सूत्र

२०१२ चा वाद एका आकड्याभोवती फिरत होता. लीगच्या हॉकीपासून होणाऱ्या उत्पन्नातील ५७ टक्के वाटा खेळाडूंना मिळत असे. तो नव्या करारानुसार निम्म्यावर आला. उत्पन्नाच्या वाट्याचे हे गणित शिरोळ तालुक्यातील वाचकाला नवे वाटू नये. जयसिंगपूर येथे दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर भरणाऱ्या ऊस परिषदेत उसाचा दर याच मुद्द्यावर येऊन ठेपतो. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, अशी शिफारस रंगराजन समितीने २०१२ मध्येच केली होती.

दोन्ही ठिकाणी खरी अडचण टक्केवारीच्या पलीकडे आहे. उत्पन्न कोणी मोजायचे आणि त्यात काय काय धरायचे? फेब्रुवारी २००४ मध्ये आर्थर लेव्हिट यांनी लीगच्या सांगण्यावरून तयार केलेल्या अहवालात संघांना २००२-०३ च्या हंगामात २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाल्याचे नमूद होते. खेळाडूंच्या संघटनेने तो हिशेब स्वीकारला नाही. दूरचित्रवाणीचे हक्क, प्रेक्षागृहातील खास कक्ष, वाहनतळ यांचे उत्पन्न कोणत्या वहीत लिहायचे, यावरच तोटा की नफा हे ठरत असते. मळी, बगॅस आणि वीज यांच्या हिशेबावरून होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे उमजण्यास वेळ लागणार नाही.

भारतातील लीगचा अनुभव

भारतात प्रीमिअर हॉकी लीग २००५ ते २००८ पर्यंत चालली. २०१२ मध्ये जुन्या महासंघाने ‘वर्ल्ड सीरिज हॉकी’ भरविली. तिच्या अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला हरविले. परंतु मानधन थकल्याच्या तक्रारी खेळाडूंनी केल्या आणि दुसरा हंगाम झालाच नाही. ‘हॉकी इंडिया लीग’ २०१३ ते २०१७ या काळात झाली. मुंबईचा संघही तीत होता. खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. लिलावामुळे खेळाडूचे मोल जाहीर झाले, ही मोठीच सुधारणा होय. मात्र लिलावाची रक्कम एका खेळाडूपुरती असते. लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा एकत्रित वाटा किती, हे लिलाव सांगत नाही.

काय साधले?

पुण्याहून परतलेल्या संघाने २८ फेब्रुवारी २०१० रोजी विश्वकरंडकाच्या सलामीला पाकिस्तानला ४-१ असे हरविले, तरी स्पर्धेत त्याला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. पुढे पैशाची स्थिती सुधारली. २०१८ पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघांचे पुरस्कर्ते झाले. टोकियो आणि पॅरिस येथे पुरुष संघाने ब्राँझपदके जिंकली. २०२२ मध्ये ‘हॉकी इंडिया’ने प्रत्येक विजयामागे खेळाडूस ५० हजार रुपये देण्याचे जाहीर केले. पुण्यात देऊ केलेल्या रकमेच्या हे दुप्पट होय.

तथापि पुण्यातील तोडगा पुरस्कर्त्याच्या औदार्यातून निघाला होता. त्याने त्या वेळची थकबाकी भागली. उत्तर अमेरिकेतील खेळाडूंनी करारासाठी मोठी किंमत मोजली, एक संपूर्ण हंगाम गमावला आणि वेतनकपातही सोसली. परंतु त्यांचा वाटा आकड्यात लिहिलेला आहे आणि मुदत संपली की त्यावर पुन्हा बोलणी करण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे. पुरस्कर्ता उद्या बदलू शकतो. करारातील कलम दोन्ही बाजूंच्या संमतीवाचून बदलत नाही.