नखाएवढ्या चित्राची गोष्ट

श्रोतेहो, मालवणच्या बंदरावर सकाळी मासळीच्या लिलावाला उभा राहणारा माणूस टोपलीत वर दिसणाऱ्या चार बांगड्यांवर कधी विसंबत नाही. तो हात घालून खालचे दोन मासे वर काढतो, कल्ले उघडून पाहतो आणि मगच बोली बोलतो. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, तिच्या बाबतीत मात्र आपण शिकलेसवरलेले लोकही रोज वरचेच मासे बघून टोपलीची किंमत करतो. ती वस्तू म्हणजे संगणकावर व्हिडिओच्या फाईलचे नाव दिसते, तिथे नावाबरोबर दिसणारे छोटेसे चित्र. इंग्रजीत त्याला थंबनेल म्हणतात. थंबनेल म्हणजे अंगठ्याचे नख. म्हणून आपण त्याला नखचित्र म्हणू.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वृद्ध दशावतारी नटाकडे मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. कॅमेरा समोर धरला की आबा बुजत. म्हणून एका मुलाने मोबाईल सुरू करून चटईवर पालथा ठेवला. आबा चाळीस मिनिटे बोलले. जुनी पदे, संकासुराची बोलणी, पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्र रात्र केलेले खेळ, सारे त्यांनी सांगितले. पुढे त्या फाईली संगणकावर उतरवल्या. जागा कमी पडू लागली तेव्हा दुसराच एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, ह्येच्यात काय एक नाय. सगळा काळाच दिसता." मी नजर टाकली. नावापुढे काळे चौकोनी चित्र होते. म्हटले, "काढून टाक." त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले, आणि मग आमच्या ध्यानात आले की काळे होते ते चित्र, आवाज तर सगळाच्या सगळा आत होता.

एका चित्रावरून सबंध ऐवजाची पारख करण्याची ही सवय आपल्याला लागली कशी? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

एका चित्राने एक प्रसंग सांगावा ही कल्पना सिंधुदुर्गाला नवी नाही. कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिला सावंतवाडीच्या संस्थानचा आश्रय होता. रामायण-महाभारतातल्या कथांची हाताने रंगवलेली चित्रे एकत्र ठेवलेली असतात. त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. चित्रकथी एकेक चित्र उभे धरतो, वाद्यांच्या साथीवर त्या प्रसंगाची कथा गातो आणि मग पुढचे चित्र घेतो. याच परंपरेतील पिंगुळीचे परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. यात ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की कोणता प्रसंग चित्रात आणायचा हे माणूस ठरवीत होता, आणि तो कथा जाणणारा होता. शिवाय चित्र एकटे कधीच येत नसे. त्याच्यासोबत सांगणारा असे.

पुढे चित्रे हलू लागली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याची लांबी सुमारे 3,700 फूट होती. 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. गुणाकार करा, म्हणजे साठ हजारांच्या आसपास चित्रे होतात. या बोलपटापूर्वीच्या काळात फाळक्यांनी एकदा जाहिरात केली होती असे सांगतात, की सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहा. चित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर होता. मैलांचा हिशेब मात्र जाहिरातीचा होता. 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही! असो.

त्या फिल्मचा एक मोठा गुण होता. कुणीही ती पट्टी उजेडात धरावी आणि आत काय आहे ते डोळ्यांनी बघावे. चित्र लहान, पण खरेखुरे. डबा उघडला की ओळख पटे. आज 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी उरली आहेत, आणि तीसुद्धा 1917 साली पुन्हा काढलेल्या प्रतीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. मधला भाग गेला. चार रिळांच्या चित्रपटाची परीक्षा आज आपण उरलेल्या तुकड्यांवरून करतो, आणि निदान ते तुकडे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे.

हा डोळ्यांचा आधार 1956 साली सुटू लागला. त्या वर्षी अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने चित्रे चुंबकीय फितीवर साठवणारे यंत्र लोकांसमोर आणले. ती फीत उजेडात धरली तर तपकिरी पट्टीपलीकडे काही दिसत नाही. पुढे घरोघर व्हिडिओ कॅसेटी आल्या. आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटवर कागद चिकटवून शाईने नाव लिहायचे, आणि कागद निघाला की कॅसेट निनावी व्हायची. संगणक आला तेव्हा त्या कागदाचीच जागा फाईलच्या नावाने घेतली. पण मोबाईल स्वतः फाईलला नाव देतो ते आकड्यांचे. शंभर फाईलींतून मुलीच्या बारशाची कोणती आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची कोणती, हे नावावरून कसे कळावे? या गरजेपोटी नखचित्र जन्माला आले. फितीने हिरावलेली नजर त्याने काही अंशी परत दिली, हे त्याचे ऋण मानले पाहिजे.

आता हे चित्र तयार कसे होते ते पाहू. संगणकावर फाईलींची यादी दाखवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला फाईल मॅनेजर म्हणतात. आपण त्याला कोठावळा म्हणू. आपण फोल्डर उघडले की कोठावळा प्रथम जुने नखचित्र तयार आहे का ते बघतो. लिनक्सवरील बहुतेक प्रणालींत यासाठी ठरलेली रीत आहे. फाईलच्या पूर्ण पत्त्यावरून गणिताने बत्तीस अक्षरांचे एक नाव बनते आणि त्या नावाने नखचित्र एका वेगळ्या फोल्डरात ठेवलेले असते. मूळ फाईल शेवटची कधी बदलली ती वेळही त्या चित्रात नोंदलेली असते. वेळ जुळली तर जुने चित्र दाखवायचे, न जुळली तर नवे करायचे.

नवे चित्र करण्याचे काम कोठावळा स्वतः करीत नाही. तो एका मदतनीस प्रोग्रामला हाक मारतो. मदतनीस व्हिडिओची एकूण लांबी वाचतो, त्यातील एका जागी उडी मारतो, तिथले एक चित्र उलगडतो, ते लहान करतो आणि साठवून ठेवतो. उडी मारण्यातही एक गंमत आहे. फिल्मवर प्रत्येक चित्र संपूर्ण असे. व्हिडिओत जागा वाचवण्यासाठी काही अंतराने एखादेच चित्र संपूर्ण ठेवतात आणि मधल्या चित्रांचे फक्त बदल लिहितात; जसे दुकानदार वहीत रोजची उलाढाल मांडतो आणि शिल्लक मात्र महिन्याने काढतो. म्हणून मदतनीस बहुधा जवळचे संपूर्ण चित्र गाठतो. साध्या मोबाईलच्या व्हिडिओतही एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. त्यांचे नखचित्र होते 128 किंवा 256 ठिपके लांबीचे.

पण उडी मारायची कुठे? खरा प्रश्न हा आहे. इथे चित्रकथीच्या जागी यंत्र बसले आहे, आणि यंत्राला कथा ठाऊक नाही. त्याला फक्त नियम ठाऊक. काही प्रोग्राम अगदी आरंभाचे चित्र घेतात. एफएफएमपेगथंबनेलर नावाचा मदतनीस, वेगळे सांगितले नाही तर, लांबीच्या दहाव्या हिश्शावर थांबतो. ग्नोम या प्रणालीबरोबर अनेक वर्षे आलेला टोटेमचा मदतनीस प्रथम एक तृतीयांशावर जाई. तिथले चित्र एकाच रंगाचे, म्हणजे निव्वळ काळे किंवा पांढरे निघाले, तर दोन तृतीयांशावर, मग दहाव्या हिश्शावर, मग नव्वद टक्क्यांवर आणि शेवटी मध्यावर. ज्याने हा नियम लिहिला तो विचारी माणूस असला पाहिजे. काळोख म्हणजे काहीतरी चुकले, एवढे त्याने यंत्राला शिकवले.

हे नियम आपल्या दशावताराला लावून पाहा. जत्रेतला खेळ सहा तास चालला असे धरू. सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे सहा तासांत पाच लाख चाळीस हजार चित्रे झाली. त्यांतले एक निवडायचे आहे. आरंभाचे घेतले तर गणपती येणार. दहावा हिस्सा म्हणजे छत्तिसावे मिनिट. परंपरेने खेळ केला असेल तर तिथे बहुधा अजून पूर्वरंगच चालू असणार, संकासूर रंगात आलेला असणार. दहा रात्रींचे दहा खेळ घेतले तरी दहाही नखचित्रे सारखीच. मूळ आख्यान कोणते होते, कोण नट उभा होता, कुणाच्या पदाला दाद मिळाली, यातले काही कळायचे नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण तपेल्यातली सारी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. सहा तासांचा खेळ म्हणजे तपेल्यातला भात नव्हे.

बरे, नखचित्र मुळीच नसले तर? फाईल रिकामी आहे असे समजू नये. तो व्हिडिओ उलगडण्याचे साधन त्या संगणकावर नसेल. फाईल ठरावीक आकाराहून मोठी असेल आणि एवढ्या मोठ्या फाईलींची चित्रे करू नयेत असा हुकूम दिलेला असेल. किंवा एकदा प्रयत्न फसल्याची नोंद झाली असेल, आणि यंत्र पुन्हा त्या वाटेला जात नसेल. याच्या उलटही घडते. विंडोजच्या 2000 सालच्या आवृत्तीपासून काही वर्षे प्रत्येक फोल्डरात अशा छोट्या चित्रांची एक लपलेली फाईल राहत असे, आणि मूळ चित्र पुसले तरी त्याचा छोटा नमुना तिथे मागे उरे. म्हणजे नखचित्र आहे म्हणून वस्तू आहे असे नाही, आणि नखचित्र नाही म्हणून वस्तू नाही असेही नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे, जात्यावरच्या ओव्या, जत्रेतले खेळ आज तुमच्याच मोबाईलमध्ये साठत आहेत. ते संगणकावर उतरवलेत की त्याच दिवशी फाईलला माणसाचे, गावाचे आणि तारखेचे नाव द्या. काही प्रकारच्या फाईलींत आपल्या पसंतीचे मुखचित्र बसवता येते, आणि काही मदतनीस ते असल्यास तेच आधी दाखवतात. ते बसवा, म्हणजे निवड पुन्हा कथा जाणणाऱ्याच्या हाती येईल. आणि काहीही पुसण्यापूर्वी ती फाईल उघडा, पुढे सरकवा, आणि मुख्य म्हणजे ऐका. नखचित्रात आवाज कधीच येत नाही.

ही शेवटची गोष्ट आपल्याला मी काय सांगावी? आपण रेडिओचे श्रोते. समोर चित्र नसताना माणूस ओळखण्याची सवय आपल्या कानांना आहे. मलाही ती होती. त्या दिवशी मी ती वापरली नाही, आणि आबांची चाळीस मिनिटे गेली. आपल्या घरातली जाऊ नयेत, म्हणून हे बोललो.