पितळी स्टो

आमच्या घरी गॅस आला तो १९८३ सालच्या दिवाळीच्या तोंडावर. वडिलांनी नाव नोंदवलं होतं १९७७ मध्ये. सहा वर्षांनी नंबर लागल्याचं कार्ड आलं तेव्हा आईनं पुण्यातल्या आमच्या वाड्यात पेढे वाटले. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. दोन बर्नरची शेगडी ओट्यावर आली आणि आईचा पितळी स्टो खाली उतरला. तुम्हाला सांगायचं आहे ते त्या उतरलेल्या स्टोविषयी.

बिनवातीचा हा स्टो मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिरानं तो १८९२ च्या सुमारास तयार केला आणि 'प्रायमस' या नावानं तो जगभर गेला. आपल्याकडे तर प्रायमस हे नाव एका कंपनीचं आहे हेही लोक विसरले. ती स्टोची जातच ठरली. त्याआधी घरात चूल होती, कोळशाची नाही तर भुशाची शेगडी होती. दीड खोलीच्या बिऱ्हाडात धुरानं डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या बाईला, हवा तेव्हा पेटणारा आणि हवा तेव्हा विझणारा जाळ पहिल्यांदा मिळाला तो या स्टोमुळे. गॅसच्या कौतुकात आपण त्याचे हे उपकार विसरतो.

स्टो पेटवणं ही मात्र एक विद्या होती. टाकीत रॉकेल, बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट, किंवा भिजवलेला काकडा. बर्नर चांगला तापला की चावी बंद करून पंप मारायचा. दाबानं वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या नळीत वाफ होते, ती बारीक भोकातून जोरानं बाहेर पडते आणि निळी ज्योत फरफरू लागते. भोक तुंबलं की पिन मारायची, पंप सैल झाला की आतलं चामड्याचं वायसर बदलायचं. आई हे सगळं स्वतः करी. पण बर्नर पुरता तापायच्या आत घाईनं पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच उसळून वर येतं आणि पिवळा जाळ हातभर उठतो. यालाच आपण भडका म्हणत आलो. म्हणजे स्टो भडकायचा तो बहुतेक वेळा पेटवताना, थंड असताना. नाही तर पेटत्या स्टोत रॉकेल ओतण्याचा अविचार केला तर.

रॉकेलची कथा वेगळीच. रेशनच्या रांगा, हातात डबा, आणि दुकानदाराचं 'संपलं'. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी मुंबईत महागाईविरोधी समिती उभी केली, लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा रॉकेल हाही त्यांच्या भांडणाचा विषय होता.

मग गॅस का नव्हता? होता. मुंबईत तुर्भ्याचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि त्याच सुमारास बर्मा-शेलचा 'बर्शेन' गॅस काही सुखवस्तू घरांत पोचला. 'इंडेन'ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात दिली गेली. पण माल थोडा आणि मागणारे अमाप. खासदारांच्या शिफारशीचा कोटा असे. ज्याची ओळख त्याच्याकडे सिलिंडर. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, पुढे उरणला तिथल्या वायूपासून स्वयंपाकाचा गॅस निघू लागला, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांचे नंबर सरकले.

या वाट पाहण्याच्या वर्षांतलीच एक गोष्ट. १९८१ साल, मी दहावीत होते. शेजारच्या वाड्यातली सून भाजून गेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. अशा दोन ओळी तेव्हा इतक्या वेळा छापून येत की वाचणारा पान उलटून पुढं जाई. सगळ्याच बातम्या खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. नायलॉनचे पदर, सैल पंप, भेसळीचं रॉकेल, यांनी खरोखरच कितीतरी बायका गेल्या. पण त्या खऱ्या अपघातांच्या आड काय काय लपून जात होतं, हेही पुढे न्यायालयांत उघड झालं. पंचनाम्यातल्या स्टोची टाकी फुटलेली होती की शाबूत, यावर वकिलांनी वाद घातले आहेत.

तिसऱ्या दिवशी आई त्यांच्याकडे भेटायला गेली. परत आली ती गप्प. रात्री वडिलांना म्हणाली, "अहो, त्याच स्टोवर त्यांनी मला चहा करून दिला. साधा डागसुद्धा नाही त्याला. आणि म्हणतात, पोळ्या करताना भडकला. तापलेला स्टो असा भडकतो होय?"

वडील म्हणाले, "आपण कशाला पडायचं त्यात?"

माझे वडील वाईट नव्हते. तेव्हाच्या पुष्कळ घरांत हेच उत्तर मिळालं असतं. दोन वर्षांनी, आमच्याकडे गॅस आल्यावर महिन्या-दीड महिन्यात, डिसेंबर १९८३ मध्ये कायदा बदलला. सासरच्या छळासाठी ४९८-अ कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई गेली, तर शवविच्छेदन आणि चौकशी यांबाबत फौजदारी प्रक्रिया संहितेत वेगळी तरतूद झाली. हुंडाबळीचं ३०४-ब कलम आणखी तीन वर्षांनी, १९८६ मध्ये. शेजारच्या सुनेला यातलं काहीच लाभलं नाही.

आईनं स्टो मोडीत घातला नाही. पितळेला चांगला भाव होता, बोहारीण दोनदा मागून गेली. दर दिवाळीला आई तो चिंचेनं घासून लख्ख करी, टाकीत बोटभर रॉकेल घालून पेटवून बघे आणि विझवून पुन्हा माळ्यावर ठेवी. मी एकदा विचारलं, "गॅस असताना हा कशाला?" म्हणाली, "कुणी विचारायला आलं तर पेटवून दाखवता यायला हवा."

विचारायला कुणी आलं नाही. आई गेल्यावर स्टो मी माझ्याकडे आणला. वायसर वाळून कडक झालंय, आता पंप हवा धरत नाही.